फुलाचे पुढे काय होते?

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात पालक व माजी विद्यार्थी यांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



शाळेला साठ वर्षे पूर्ण झाली की तिला वटवृक्षाची उपमा देण्याची आपल्याकडे रीत आहे. ती उपमा मी आज देणार नाही, कारण आज मला खऱ्या झाडांविषयीच बोलायचे आहे. वड, पिंपळ, उंबर, बेल, आंबा आणि दारातला भोपळ्याचा वेल हे सारे या भाषणात येणार आहेत. त्यांना उपमेच्या कामाला जुंपले तर मूळ काम राहून जाईल.

काशीहून कोणी आले की ते गंगाजल घेऊन येईल, अशी अपेक्षा असते. महाराष्ट्राचा आणि काशीचा संबंध तसा जुना आहे. नाथांनी आपले भागवत १५७३ साली काशीतच पूर्ण केले, गागाभट्ट तेथूनच रायगडावर आले, विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाईंनी उभारले. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे आहेत. तशाच एका घरात मी वाढले आणि पुढे त्याच शहरात लहान मुलांना शिकवीत आले. त्या अनुभवातून सुचलेला एक विचार आज तुमच्यापुढे ठेवते. विषय साधा आहे: फळ, फूल आणि बी यांचे शास्त्र लहान मुलांना कसे शिकवावे.

काशी हे फुलांचे शहर आहे. बाँसफाटकाजवळचा फूलबाजार पहाटेच भरतो. झेंडूच्या माळांचे ढीग, गुलाब, मोगऱ्याचे गजरे, कमळाच्या कळ्या, मंदाराच्या माळा, बेलपत्रांच्या जुड्या. दिवस उजाडेपर्यंत हे सारे गल्लीबोळांतून देवळांकडे चालू लागते. तेथील मूल फुलांच्या संगतीत वाढते असे कोणीही म्हणेल. परंतु पहिली-दुसरीतल्या मुलांना मी वर्षानुवर्षे एक प्रश्न विचारीत आले: फुलाचे पुढे काय होते? उत्तरे ठरलेली असत. फूल वाळते. फुलाचे निर्माल्य होते. फूल गंगेत सोडतात. "फुलाचे फळ होते" असे म्हणणारे मूल क्वचित भेटे.

यात मुलांचा दोष नाही. त्यांनी फूल पाहिले ते टोपलीत, माळेत, पिंडीवर. गल्लीतल्या घरांना अंगण नसते. खुडलेल्या फुलाची गोष्ट तेथेच संपते. ते आता कशातही रूपांतरित व्हायचे नसते, म्हणून त्या मुलांची उत्तरे त्यांच्या अनुभवापुरती अगदी खरी होती. आणि हे काशीपुरतेच आहे असे समजू नका. आपल्या शहरांतल्या सदनिकेत फुलांची पुडी रोज दाराला अडकवलेली असते, भाजी चिरून पिशवीत मिळते, डाळ पाकिटातून येते. फूल एका दुकानात, फळ दुसऱ्या आणि बी तिसऱ्या दुकानात मिळत असेल, तर ही तिन्ही एकाच जिवाच्या आयुष्यातील वये आहेत हे मुलाने ओळखावे कसे?

माझे आजचे सांगणे एवढेच आहे. फळ, फूल, बी हे तीन धडे नाहीत, ती एक गोष्ट आहे. गोष्टीला काळ लागतो, आणि तो काळ मुलाला झाडापाशी घालवता आला तर पुढचे शास्त्र ते आपण होऊन मागू लागते. तो काळ दिला नाही, तर परागीभवनाची व्याख्या त्याला तोंडपाठ होईल, परीक्षेत गुणही मिळतील, आणि तरीही काकडी कोठून आली हे त्याला ठाऊक नसेल.

हे प्रत्यक्षात कसे करावे? सर्वांत सोपे साधन म्हणजे रंगीत दोरा. लाल भोपळ्याचा वेल घ्या. त्याला दोन प्रकारची फुले येतात. एक लांब देठाचे, नुसते. दुसऱ्याच्या पाकळ्यांखाली सुपारीएवढी हिरवी गाठ असते. मुले ती लगेच हेरतात आणि "फुलाला बाळभोपळा आहे" म्हणतात. पहिले नर फूल, दुसरे मादी फूल. पण ही नावे पहिल्या दिवशी सांगू नयेत. प्रत्येक मुलाने एका फुलाच्या देठाला आपल्या रंगाचा दोरा सैलसर बांधावा आणि रोज शाळेत आल्यावर त्याची भेट घ्यावी. चार-सहा दिवसांत वर्गात गडबड उडते. नर फुले सगळीच गळालेली असतात. मादी फुलांपैकी काहींचा बाळभोपळा फुगू लागलेला असतो, काहींचा पिवळा पडून गळालेला असतो. ज्याचे गळाले ते मूल हिरमुसते आणि विचारते, "माझेच का गळाले?"

हा प्रश्न मुलाकडून आला की शिक्षकाचे निम्मे काम झाले. उत्तर तरीही सांगू नये. उद्या उमलणाऱ्या दोन मादी कळ्या संध्याकाळी हेराव्यात. एकीवर मलमलीची पिशवी बांधावी, दुसरी उघडी ठेवावी. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते, मधमाश्या सकाळीच येतात आणि दुपारपर्यंत ते मिटूही लागते. पिशवीतल्या फुलापर्यंत माशी पोहोचत नाही. आठवड्याभरात पिशवीतली गाठ पिवळी पडते आणि बहुधा उघडी गाठ वाढीला लागते. मग तिसऱ्या पिशवीतले फूल सकाळी उघडून त्यावर नर फुलाचा पिवळा पराग मुलांनीच हलकेच लावावा आणि पिशवी पुन्हा बांधावी. माशी आली नसतानाही ही गाठ वाढते. मुलांचा निष्कर्ष तयार असतो: पिवळी पूड पोहोचली पाहिजे, आणि ती पोहोचवणारे कोणीतरी पाहिजे. सात वर्षांच्या मुलाने शंका घेतली, तुलना केली, हाताने पडताळून पाहिले. मोठे शास्त्रज्ञ याहून निराळे काय करतात?

काशीच्या आसपास या धड्याचा मोठा फळा म्हणजे परवलाची शेते. परवलात नर आणि मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. फळ धरते ते मादी वेलीला. म्हणून शेतकरी दहाएक मादी वेलींमागे एखादी नर वेल मुद्दाम लावतो. काही ठिकाणी पहाटे नर फूल तोडून ते मादी फुलांवर हाताने फिरवतात. बाजारात परवल घेणाऱ्याला त्या फळ न देणाऱ्या वेलीचा पत्ताही नसतो; शेतकऱ्याला मात्र तिचे मोल पक्के ठाऊक असते. वाराणसीत भारतीय भाजीपाला संशोधन संस्था आहे, आणि तेथील अनेक वाणांची नावे काशीवरून ठेवलेली आहेत. 'काशी गंगा' हा दुधी भोपळ्याचा वाण त्यांपैकीच. इकडे आपल्याकडे हाच धडा पपईच्या बागेत शिकता येतो. दारात उगवलेली पपई फुलते पण फळत नाही, तेव्हा "नर निघाली" म्हणून आपण ती तोडतो. त्या आधी एकदा मुलांना तिची फुले शेजारच्या फळणाऱ्या पपईच्या फुलांशेजारी ठेवून दाखवा.

दोऱ्यासाठी झाड मात्र निवडून घ्यावे लागते. दारातल्या जास्वंदीला सहसा फळ धरत नाही, मोगराही बी देत नाही. ती झाडे आपण फांदी लावूनच वाढवतो. तेथे दोरा बांधला तर मुले महिनाभर उगाच वाट पाहतील. गोकर्ण घ्यावा, त्याच्या निळ्या फुलाची चपटी शेंग होते. भेंडी घ्यावी. तेरडा तर घ्यावाच. गौरींच्या दिवसांत आपण त्याची फुले आणतो, पण त्याची पिकलेली शेंग बोटात धरली की टचकन फुटते आणि बिया दूर उडतात, हे पाहिलेले मूल ते जन्मभर विसरत नाही.

आता देवळातल्या फुलाकडे वळते. विश्वनाथाच्या वाटेवर मंदाराच्या माळा विकायला असतात. मंदार म्हणजे आपली रुई. तिची पाने आपण मारुतीला वाहतो. काशीतल्या मुलांना मंदाराचे फूल पक्के ठाऊक असते. त्याच मुलांना उन्हाळ्यात वाऱ्यावर तरंगणारी, रेशमी केसांची म्हातारीही ठाऊक असते. तिच्यामागे धावण्याचा खेळ इकडच्या आणि तिकडच्या मुलांत सारखाच. परंतु माळेतले ते जाड पाकळ्यांचे फूल आणि ही उडणारी म्हातारी एकाच झाडाची आहेत, हे फार थोड्यांना माहीत असते. गावाबाहेरच्या रुईच्या झुडपापाशी मुलांना दोन महिन्यांत तीन वेळा नेले की काम होते. पहिल्या खेपेस फूल, दुसऱ्या खेपेस हिरवे फुगीर फळ, तिसऱ्या खेपेस ते फळ उकलून त्यात खवल्यांसारख्या एकावर एक रचलेल्या बिया, प्रत्येकीला पांढऱ्या केसांचा झुबका. मग कोणीतरी म्हणते, "म्हणजे म्हातारी ही बी आहे!" आणि लगोलग दुसरे विचारते, "मग सगळी फुले देवाला वाहिली तर म्हाताऱ्या कोठून येणार?"

या प्रश्नाला घाबरू नये. देवाला फुले वाहू नयेत असे सांगण्याचा अधिकार मला नाही, तशी इच्छाही नाही. वर्गात आम्ही एकच नियम ठेवला: दोरा बांधलेले फूल तोडायचे नाही. मुले हा नियम घरी घेऊन गेली, तर आजी पूजेची फुले काढताना दोऱ्याचे फूल आपण होऊन वगळते. आजीकडे या बाबतीत जुनी शिस्त असतेच. तिन्हीसांजेला झाडाला हात लावू नये, सगळी फुले ओरबाडू नयेत, हे तिने आपल्या आईकडून ऐकलेले असते. नातवाचा दोरा त्या शिस्तीला कारण पुरवतो.

दोरा बांधण्याइतके झाड जवळ नसेल, तरी स्वयंपाकघर आहेच. प्रत्येक फळावर ते पूर्वी फूल असल्याची खूण राहिलेली असते. वांग्याच्या देठाची हिरवी टोपी ही फुलाखालचीच टोपी, फळासोबत वाढलेली. टोमॅटोची हिरवी चांदणी तीच. डाळिंबाचा मुकुट म्हणजे त्याच्या फुलाचा निदलपुंज. पेरूच्या तळाशी त्याचे वाळके अवशेष असतात, कोवळ्या काकडीच्या टोकाला सुकलेले फूलच चिकटलेले असते. काशीपलीकडच्या रामनगरचे भले मोठे गोल वांगे भरतासाठी नावाजलेले, त्याला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची टोपी तर लहान मुलाच्या तळहाताएवढी भरते. मुलांना आठवडाभर एकच खेळ द्यावा: घरात येणाऱ्या प्रत्येक फळावर आणि भाजीवर फुलाची खूण शोधा. बटाटा, गाजर, पालक यांवर ती सापडत नाही. भेंडी, दुधी, वांगे, मिरची यांवर सापडते. मग जी फुलापासून झाली आणि जिच्या पोटात बी आहे ते शास्त्राच्या दृष्टीने फळ, मंडईत तिला भाजी म्हणत असले तरी, हा भेद मुलेच करतात. पाठ करण्याची गरज उरत नाही.

तसाच दुसरा प्रयोग डाळीचा. एका कुंडीत अख्खी तूर पेरा, दुसरीत तुरीची डाळ. एका कुंडीत भात पेरा, दुसरीत तांदूळ. अख्खी तूर आणि भात उगवतात, डाळ आणि तांदूळ कुजतात. असे का, याचे उत्तर मराठी घरातल्या वालाच्या बिरड्यात आहे. मोड आलेले वाल सोलून आपण डाळिंब्या काढतो. डाळिंबी अलगद उघडली की दोन जाड दळे दिसतात आणि त्यांच्या सांध्यात एक इवला कोंब. दोन दळे ही बाळाची शिदोरी, कोंब म्हणजे बाळ. डाळ भरडताना दोन्ही दळे वेगळी होतात आणि तो कोंब तुटतो. तांदूळ सडताना त्याचे टोकाचे अंकुराचे अंग निघून जाते. "म्हणजे आपण बाळाची शिदोरी खातो," असे एखादे मूल म्हणते आणि वर्ग क्षणभर गप्प होतो. त्या शांततेत अन्नाविषयी जे शिकले जाते ते उपदेशाने शिकवता येत नाही.

आता आंब्याकडे येते, कारण काशी आणि कोकण यांचा मान येथे सारखाच राखावा लागतो. आमचा लंगडा पिकला तरी हिरवाच राहतो. रंगावरून पिकलेले ओळखणाऱ्या मुलाला तो पहिला धडा देतो: डोळ्यांवर एकट्यावर विसंबू नकोस, हाताने आणि नाकाने विचार. त्याचे नाव एका पायाने अधू असलेल्या साधूवरून पडले अशी आख्यायिका तिकडे सांगतात. बनारसी लंगड्याला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, कोकणच्या हापूसला ते २०१८ सालीच मिळाले होते. परंतु लंगड्याची कोय पेरली तर लंगडाच येईल का? मुले ठामपणे "हो" म्हणतात. खरे उत्तर "बहुतेक नाही" असे आहे. मोहरावर बसलेल्या माशीने पराग कोणत्या झाडाचा आणला हे आपल्याला ठाऊक नसते. कोयीतल्या बाळाला आई आणि बाप दोन्ही असतात, आणि भावंडे जशी हुबेहूब सारखी नसतात तशीच रोपेही. म्हणून बागाईतदार कलम करतो. भोपळ्याच्या फुलापाशी सुरू झालेली गोष्ट अशी आंब्याच्या कलमापर्यंत येते, आणि आनुवंशिकता हा शब्द न उच्चारता तिचा उंबरठा ओलांडला जातो.

येथे आपल्या भाषेविषयी बोलणे प्राप्त आहे. मराठी माध्यमात घालून मुलाचे विज्ञान मागे तर पडणार नाही ना, ही चिंता अनेक पालकांच्या मनात असते. तिची मी थट्टा करणार नाही. ती मुलाच्या भल्यासाठीच असते. परंतु या विषयापुरते तरी आपल्या भाषेने केवढी शिदोरी बांधून दिली आहे ते पाहा. मोहर, बाळकैरी, कैरी, पाडाचा आंबा, पिकलेला आंबा, कोय, बाठा: एका फळाच्या आयुष्यातील प्रत्येक टप्प्याला नाव आहे. चिंच कोवळी असते, मग गाभुळते, मग पिकते; तिच्या बीला चिंचोका म्हणतात. फणसाच्या गऱ्यात आठळी असते. नारळाचे आधी शहाळे असते. हे शब्द ज्या मुलाच्या जिभेवर आहेत त्याने फळ कसे बदलते याचे निरीक्षण भाषेतूनच अर्धे केलेले असते. काशीत आमची मराठी मुले घरी मोहर आणि कैरी म्हणतात, गल्लीत बौर आणि टिकोरा म्हणतात. दोन्ही भाषांनी एकच गोष्ट दोनदा पाहिलेली असते, आणि त्यामुळे मुलाचे नुकसान झालेले मला कधी दिसले नाही. पुढे शास्त्रीय संज्ञा येतात तेव्हाही परागकण, अंडाशय, बीजांड हे शब्द आपला अर्थ अंगावर घेऊनच येतात. बीजांड म्हणजे बीचे अंडे. सात वर्षांच्या मुलाला आणखी काय समजावून सांगायचे? इंग्रजी नावे त्याला पुढे शिकावी लागतील आणि ते शिकेलही. आधी पाहिलेल्या वस्तूचे दुसरे नाव शिकणे कठीण नसते. न पाहिलेल्या वस्तूचे पहिले नावही जड जाते.

आणखी काही झाडांचा उल्लेख धावता करते, कारण ती तुमच्या घराजवळच आहेत. बेलाच्या पानाला आपण तीन पाने म्हणतो. ते एकच पान आहे, तीन पर्णिकांचे. ते उन्हाकडे धरले तर लिंबाच्या पानासारखेच बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, कारण दोघे एकाच कुळातले. बेलाचे फळ पिकायला जवळजवळ वर्ष घेते, म्हणून एकाच झाडावर यंदाचे फूल आणि गतवर्षीचे फळ एकत्र पाहता येते. झेंडूचे एक फूल हा खरे तर फुलांचा मेळावा असतो. पाकळी समजून जी ओढून काढावी तिच्या बुडाशी इवलीशी काळसर बी होऊ घातलेली दिसते. दसऱ्याला ज्याच्यावाचून आपले तोरण अडते ते हे फूल मूळचे मेक्सिकोकडचे, हेही मुलांना सांगावे. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण "उंबराचे फूल" म्हणतो. कोवळे उंबर कापून भिंगाखाली धरा, आत फुलेच फुले आहेत; ती दिसत नाहीत कारण ती आतल्या बाजूला उमलतात. आणि काशीच्या घाटांवर दगडी भिंतींच्या फटींतून जे पिंपळ उगवलेले दिसतात ते कोणी लावलेले नाहीत. पाखरांनी फळे खाल्ली आणि बिया तेथे टाकल्या. मोहरीहून बारीक बी घाटाचा चिरा हलवते.

बीच्या वाट पाहण्याच्या शक्तीबद्दलही मुलांना सांगण्यासारखे आहे. आंब्याची कोय काही आठवड्यांतच निर्जीव होते, म्हणून आंबा खाल्ल्यावर लगेच पेरावी लागते. उलट चीनमध्ये एका कोरड्या पडलेल्या तळ्याच्या तळाशी सापडलेली, सुमारे १३०० वर्षांपूर्वीची कमळाची बी शास्त्रज्ञांनी रुजवून दाखवली. कमळाच्या बीचे कवच एवढे घट्ट असते की ते घासल्यावाचून पाणी आत शिरत नाही. पूजेच्या दुकानात कमळगट्टा मिळतो. एक टोक दगडावर घासून तो पाण्यात टाका आणि शेजारी न घासलेला ठेवा. बी ताजी, जिवंत असेल तर फरक मुलांना स्वतःलाच दिसेल.

एक सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे. काशीत शंकराला धोत्र्याचे काटेरी फळ वाहतात. धोत्रा, कण्हेर, गुंज यांच्या बिया विषारी आहेत आणि रुईचा चीक डोळ्यांना अपायकारक आहे. त्यामुळे या शिक्षणाचा पहिला नियम असा असावा: पाहावे, हुंगावे, कापून बघावे, पण मोठ्यांना विचारल्यावाचून तोंडात घालू नये आणि झाडाला हात लावल्यावर हात धुवावेत.

हे सारे नवे आहे असा माझा दावा नाही. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ साली लहान मुलांची संस्था काढली आणि पुढे तिला "बालकांची बाग" असे नाव दिले, तेव्हा त्याच्या मनात मुलांनी मशागत केलेले खरे वाफेही होते. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागडी साधने गावाला परवडणारी नव्हती. पाने, बिया, शंख, खडे, फुले हीच त्यांची साधने झाली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तर ताराबाईंनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. त्या दोघींनी दाखवून दिले की गरिबाघरच्या मुलाजवळही शिकण्याचे साहित्य असते, शिक्षकाला ते ओळखता आले पाहिजे. मराठी शाळेला यापेक्षा मोठा वारसा कोणता हवा?

शिक्षकांना दोनच सूचना कराव्याशा वाटतात. नाव सांगण्याची घाई करू नये. नाव सांगितले की मुलाला वाटते प्रश्न संपला. आणि फसलेला प्रयोग झाकू नये. वेल वाळला, बी उगवली नाही, फळ किडले, तर तोही धडाच आहे. का झाले असेल याची यादी मुलांकडून फळ्यावर लिहून घ्यावी. पालकांना एकच सूचना: मुलाने चुकीचे उत्तर दिले तर लगेच दुरुस्त करू नका, "कशावरून?" एवढेच विचारा. घरी आजीला, गावाकडच्या काकांना, मंडईतल्या भाजीवाल्या मावशींना विचारू द्या. या विषयातली तज्ज्ञ माणसे आपल्या घरातच आहेत आणि त्यांना बऱ्याच काळात कोणी काही विचारलेले नाही.

आता एका विनंतीकडे येते. खरे तर तिच्यासाठीच मी एवढे बोलले. हीरक महोत्सवानिमित्त शाळेची नवी इमारत होते आहे आणि अंगणात सर्वत्र फरशी बसवण्याचा विचार आहे, असे मला कळले. पावसाळ्यातल्या चिखलाचा त्रास मी जाणते. मुलांचे कपडे मळतात, वर्ग मळतात, सेविकाताईंचे काम वाढते. तरीही माझी समितीला विनंती आहे की अंगणाच्या एका कडेला वीस फूट लांब आणि आठ फूट रुंद एवढी माती उघडी ठेवावी. जून महिन्यात तेथे पहिलीच्या मुलांनी लाल भोपळा, भेंडी, तूर, तेरडा आणि गोकर्ण लावावा. आपल्या शाळेचे वर्ष आणि या झाडांचे वर्ष छान जुळते. श्रावण-भाद्रपदात फुले येतील, दिवाळीच्या सुट्टीच्या सुमारास भोपळे तयार होतील, तूर पौष-माघात पिकेल आणि त्यातले बी पुढच्या जूनमध्ये येणाऱ्या नव्या पहिलीसाठी बरणीत भरून ठेवता येईल. एका कोपऱ्यात लिंबाचे एक झाड लावावे. दोऱ्यांची रिळे आणि मलमलीचे तुकडे यांपलीकडे खर्च नाही.

माजी विद्यार्थ्यांनी देणगी दिली आहे, आणखीही देतील. त्यांनी वर्षातले दोन रविवार या मातीसाठी द्यावेत. तुमच्यापैकी कोणी आज शेतकरी आहे, कोणी डॉक्टर, कोणी बँकेत. ज्याच्या शेतात घरचे बियाणे आहे त्याने मूठभर आणावे आणि ते कोणाकडून आले ते मुलांना सांगावे. संगणककक्षाला मी विरोध करीत नाही, तोही हवाच. पण पडद्यावरचे फूल अर्ध्या मिनिटात उमलते आणि अर्ध्या मिनिटात फळते. भोपळ्याला दीड-दोन महिने लागतात. त्या दिवसांत मुलाला वाट पाहण्याची, निराश होण्याची, पुन्हा लावण्याची आणि आपल्यावाचून वाढणाऱ्या जिवाची काळजी घेण्याची जी सवय लागते ती आणखी कोठे लागणार आहे, याचा विचार समितीने आराखड्यावर सही करण्यापूर्वी करावा.

साठ वर्षांत या शाळेने हजारो मुलांना मराठीतून वाचायला शिकवले. पुढची मुलेही वाचायला शिकतील. ती आपल्या अंगणातला वेलही वाचू शकतील की नाही, हे त्या एकशे साठ चौरस फूट मातीवर अवलंबून आहे. ती माती राखा, एवढे मागते.